एक उरलाय

एप्रिलअखेरीस पॅर्नूच्या आमच्या दुकानात कॅमेरे ओले येतात.
पुठ्ठ्याचं वेष्टण सुटलेलं, कडेला गाळाची रेघ,
एकाच्या दातेरी चाकात अडकलेली गवताची काडी.
मी टॉवेल अंथरते, नाव विचारते.
लोक नाव सांगतात आणि न विचारता पुराचं सांगतात,
यंदा कुंपणाच्या तिसऱ्या फळीपर्यंत,
यंदा सौनाच्या उंबऱ्याला लागून गेला.

आत, दलदलीच्या मुलखात, या दिवसांना पाचवा ऋतू म्हणतात.
बर्फ वितळतं, नद्यांना आपल्या पात्रात जागा पुरत नाही,
कुरणं बुडतात,
आणि माणसं होडीतून पाव आणायला निघतात,
खिशात एकदाच वापरायचा प्लास्टिकचा कॅमेरा.
चांगला कॅमेरा कोण पाण्यावर नेईल?

लेह्ते ओयासारनं तिचा मात्र कोरडा आणला,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
"घराबाहेर गेलाच नाही," म्हणाली.
"एक उरलाय. तो तूच संपव.
पाणी परवाच उतरलं, आता मी कशाचा काढू?"

मग हातांनी दाखवलं.
दाराशी पाणी, पाण्यावर ऊन,
ऊन तिथून उसळून खिडकीतून आत,
थेट स्वयंपाकघराच्या छतावर.
वर्षातून बारा-तेरा दिवस. सकाळी नऊच्या सुमाराला.
कोवळ्या काकडीच्या गरासारखं फिकं,
आणि हलत राहतं.
एकाहत्तर वसंत ती मान वर करून बघत आलीये,
यंदा मानेनंच नकार दिला.
"म्हणून म्हटलं, फोटो काढला
तर टेबलावर ठेवून बघता येईल."

माझ्या दुकानात पूर येत नाही.
मी उथळ ट्रे पाण्यानं भरला,
खिडकीत ठेवला, ऊन सरकत येईपर्यंत थांबले.
दोन गिऱ्हाईकं परत गेली.
चाक फिरवलं, कर्र कर्र,
छताकडे कॅमेरा धरला, खटका दाबला.
खटका कसला,
बरणीचं झाकण निघावं एवढाच आवाज.

रोल धुतला. पहिले चौदा, नुसतं छत.
नातवानं बजावलं होतं, घरात फ्लॅश लावायचाच.
चौदा वेळा तिनं त्या उजेडावर उजेड फेकला
आणि चौदा वेळा तो निघून गेला.
मागे रंगाचे पोपडे, एक खिळा, धुराचा डाग,
आणि कुठल्याशा जुन्या हिवाळ्यात मेलेली माशी,
अगदी पायांसकट स्पष्ट.
पंधराव्याला फ्लॅशची ती बारीक शीळ बंद पडली असावी.
तिथून पुढे सगळं अंधुक, रवाळ,
तूप थिजायला लागतं तसं,
आणि त्या रव्यातून जाळीसारखं काहीतरी सरकतंय.
टक लावली की दिसेनासं होतं.
चहा ढवळता ढवळता पाहिलं, तर होतं.

शुक्रवारी ती आली.
काउंटरवर फोटो मांडले, पत्त्यांचा डाव मांडावा तसे.
माशी पाहून हसली, "ही अजून तिथंच?"
अंधुक बारा एकावर एक रचले,
तेरावा माझ्याकडे सरकवला.
"हा आमच्याकडचा नाही."

ओळखलंत कसं?

"याला घाई आहे.
आमचं पाणी राहायला येतं."

तेव्हा आठवलं, खटका दाबताना बाहेरून
लाकडाचा ट्रक गेला होता,
ट्रे थरथरला होता.

पैसे तिनं सत्तावीसचे दिले, नेले सव्वीस.
मोजा विसरली, तो अजून खुंटीला आहे.
ट्रेही खिडकीतच.
गिऱ्हाईकं विचारतात, हे पाणी कशाला,
सांडेल ना.
मी म्हणते, राहू दे.