टिचकी

ओडीलने चार सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या
आणि स्वतः कॉफी करायला आत गेला.
शहाणा माणूस. गिऱ्हाईक आणि वस्तू यांच्यामध्ये
फार वेळ उभं राहू नये, हे त्याला कळतं.

पहिली कार्बनची. एका बोटावर उचलली गेली.
टिचकी मारली, तर आवाज रिकाम्या खोक्याचा;
आत जे काही होतं
ते आधीच कुणीतरी काढून नेलेलं.
हिच्यावर बसायचं म्हणजे रस्ताभर मुजरा करत जायचं,
आणि मी साठीला आले आहे,
आता इतकं कुणापुढे वाकवत नाही.

दुसरी ॲल्युमिनियमची. खणखणीत, तापट.
गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली:
फरसबंदीचा एकेक दगड
तिने माझ्या मनगटांना नावानिशी सांगितला.
चुगलखोर.

तिसरी पोलादी, पण शर्यतीची.
टायर करंगळीएवढे, मडगार्डला जागाच नाही.
"आणि पाऊस आला तर?"
ओडील आतूनच म्हणाला, "जोरात चालवायची."
गेंटमध्ये! जिथे पावसाला आम्ही
हवामान म्हणत नाही, पत्ता म्हणतो.

माझं काम काय, ते सांगायला हवं.
मी पियानो लावते. एकतीस वर्षं.
लेये नदीच्या कडेकडेने, डाइन्झेपर्यंत,
मागच्या पिशवीत चावी, नमद्याच्या पट्ट्या, नादकाटा
आणि चीजचं सँडविच, कारण पियानोवाल्या बाईला
लोक कॉफी देतात, जेवण नाही.
रोजचे वीस-बावीस किलोमीटर. शर्यत कुणाशीच नाही.
उशीर झाला म्हणून पियानो कुठे पळून जात नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी अजून कुणाला सांगितलेली नाही:
डाव्या कानातून अगदी वरचे सूर निघून गेलेत.
उजव्या टोकाच्या शेवटच्या सात-आठ पट्ट्या दाबते
तेव्हा हातोडीचं लाकूड ऐकू येतं, तार नाही.
हल्ली मी पियानोच्या अंगावर तळवा ठेवते.
दोन तारा जुळत आल्या की थरथर संथ होत जाते,
संथ, आणखी संथ,
आणि थांबते. तेवढ्यात चावी सोडायची.
कान थापा मारू लागला,
हात अजून इमानी आहे.

तर चौथी. पोलादी, वापरलेली,
रंग शिळ्या मोहरीचा, हौसेने कुणी निवडला असेल
असं वाटत नाही.
सांधे पितळेच्या डाखाने जोडलेले,
एका सांध्यावर कानस जरा जास्तच फिरलेली.
हँडल सीटच्या उंचीला, टायर दोन बोटं रुंद,
मडगार्ड आहेत, मागे पिशवीला कडी आहे.
वजन ओडीलने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

टिचकी मारली. उजवा कान पुढे केला.
मग खालच्या नळीवर तळवा ठेवून पुन्हा मारली.

थरथर आली. लगेच गेली नाही.
पेरांतून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत
चालत गेली,
गावात काही काम नसलेल्या माणसासारखी.

गल्लीच्या टोकापर्यंत नेली. मग पुलावर.
मग, ओडीलला न सांगता, थेट नदीपर्यंत.
दगड तेच होते.
पण ही त्यांच्यातलं मुद्द्याचं तेवढं सांगते,
बाकीचं स्वतःपाशी ठेवते.
धक्क्यावर एक म्हातारा मासे धरत बसला होता,
त्याने सायकलीकडे पाहिलं, मग माझ्या हसण्याकडे,
आणि गळ सावरून घेतला.

परत आले तेव्हा कॉफी गार झाली होती.
"रेनिल्डे, रंग बदलून देतो," ओडील म्हणाला.
"नको. घंटी तेवढी बदल.
जरा खालच्या सुरातली दे.
ही मला ऐकू येत नाही."

तो काहीच बोलला नाही.
खालचा खण ओढला, आणि एकेक घंटी काढून
काउंटरवर माझ्यासमोर वाजवत राहिला.

सहाव्या घंटीला मी मान हलवली.