बद्द

नाणं पाडतात म्हणे तिथे,
गाळा नंबर नऊ, आमच्या भिंतीपलीकडे,
जिथे आधी प्लास्टिकच्या फण्या बनायच्या
आणि सहाच्या भोंग्याला सगळं निजायचं.
आता शटर कायम अर्धं खाली,
मागच्या अंगाला चाळीस पंखे,
आत माणूस नाही.
बाहेर एक वॉचमन, सुपौलचा,
कानात कापूस घालून जेवणारा.

"कसलं नाणं?" आई विचारते.
दिसत नाही गं ते.
"मग खरं-खोटं कळतं कसं?"
तिचे वडील रुपया फरशीवर टाकायचे,
खणकन वाजला तर गल्ल्यात,
बद्द वाजला तर गिऱ्हाइकाच्या हातात परत.
हे नाणं वाजतच नाही.
वाजतं ते त्याचं पाडणं,
रात्रभर, भिंतीत, मांडणीत,
आईची कवळी बुडवलेल्या वाटीतल्या पाण्यात.

बाबा पेट्या दुरुस्त करतात.
भांडुपमध्ये मेस्त्रींची पेटी म्हटलं की पुरे होतं.
पहिल्या रात्री त्यांनी भिंतीला कान लावला,
म्हणाले, पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला आहे.
असा सूर नसतो.
जणू एवढं सांगितलं की तो जाईल.

अर्ज केला. तोरस्कर साहेब आले,
मोजायचं यंत्र रुमालात गुंडाळलेलं.
"तिकडची बाजू औद्योगिक, तुमची निवासी."
भिंत एकच आहे साहेब, बाबा म्हणाले.
साहेबांनी भिंतीकडे पाहिलं,
चहा घेतला, आकडा लिहिला.
आकडा दुपारचा होता.

मार्गशीर्षात डोंबिवलीची पेटी परत आली.
"इथे छान वाजते हो. घरी नेली की चढते."
हवामान, बाबा म्हणाले.
मग मुलुंडच्या शिकवणीवाल्या बाईंची.
मग कुणी काही बोलेना,
आणि नवीन पेटीही येईना.

चैत्रात एका रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला.
तीन वाजून दहा मिनिटं.
आवाज थांबला
आणि अख्खी चाळ दचकून जागी झाली,
घरातलं कुणी गेल्यासारखी.
वर वाघधऱ्यांचं बाळ रडलं.
मोरीतला थेंब ऐकू आला, किती दिवसांचा गळत होता कोण जाणे.

बाबा अंधारातच उठले.
ट्रंकेतून जुना स्वरकाटा काढला,
गुडघ्यावर मारला, कानाशी नेला.
मग फळीवरची पेटी उतरवून सा धरला.
सोडला.
दुसरी उतरवली.
अकरा पेट्या,
एकमेकींशी अगदी सुरेल,
आणि सगळ्या केसभर चढलेल्या,
भिंतीच्या दिशेने.

"बद्द," आई अंथरुणातून म्हणाली.
बाबा काही बोलले नाहीत.
भाता हलत राहिला,
सा तसाच धरलेला.

चारला दहा कमी असताना वीज आली.
पंखे सुरू झाले, त्यांचे चाळीस, आमचा एक.
बाबांनी मान वाकडी करून ऐकलं.
"बघ," मला म्हणाले,
"आता लागली."