चौदा उभा

अशोक चौकात श्रीशैलच्या सलूनमध्ये
पेपर एक, पेन्सिल एक, डोकी चार;
खुर्चीतलं गिऱ्हाईक धरलं तर साडेचार.

'उलटी वाहिली नदी, गरीब झाली.' दोन अक्षरं.
'दीन,' मेहरुन्निसाबाई पायरीवरूनच म्हणाल्या,
चपला काढायच्या आधी.

अडलं ते चौदा उभा.
'आधी हात, मग याचना कर; पोट भरेल.' चार.
'माधुकरी,' श्रीशैल म्हणाला, वस्तरा हवेत.
'का बे, दुसरं अक्षर त आहे की.'
पंखा गरम वारा फिरवत राहिला.
मी शेंगाचटणीच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून काढला,
कुठं काही सुचतंय का म्हणून.

राजमल्लू कोंडा बोलत नव्हते.
बोटांवर काहीतरी मोजत होते, पुसत होते.
मग पेन्सिल ओढली,
टोक जिभेला लावलं
आणि वरून खाली उतरले:
हा
त
मा
ग

'आमच्यात मग्गम म्हणतात,
म्हणून दिसला नाही लवकर.
बेचाळीस वर्षं त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो, ओ.'

बाईंनी शाबासकी दिली नाही, नियम काढला:
शब्द दोन्हीकडून सुटला पाहिजे.
हात अधिक माग, मान्य.
अर्थ कुठं बसतोय?

'हां, तिथं चुकलाय तो,' राजमल्लू म्हणाले.
'भरेल नाही. भरायचं.'
समासात बारीक अक्षरात दुरुस्ती लिहिली,
खाली तारीखही टाकली.

वस्तरा पुन्हा गालावर टेकला.
सतरा आडवा कोराच होता अजून.