हुद्दा

दापोडीच्या कारखान्यात मी ड्रिलची माहितीपुस्तकं मराठीत आणते.
बोल्ट किती घट्ट, तेल कधी बदला.
एवढंच माझं स्वीडिश.

त्यात हा कागद आला. औंधातला बंगला,
वारसाचं काम, शिवाजीनगर कोर्ट,
आणि मेलेल्या इंजिनिअरचा अडतीस सालचा जन्मदाखला.
खाली पसरट सही, सहीखाली हुद्दा:
श्यूर्कोहेर्दे.

कोशात होतं, चर्चचा मेंढपाळ.
तसंच लिहून नेलं.
नोटरी देवस्थळी चष्म्यावरून म्हणाले,
"जन्माच्या नोंदी तिकडे धनगर ठेवायचे का हो?"
आणि कागद परत सरकवला.

तसं पाहिलं तर हो.
कोण जन्मलं, कोण गेलं,
कोण ट्रंक उचलून पलीकडच्या गावी राहायला गेलं,
सगळं त्याच्याच वहीत.

शब्दाचा पुढचा तुकडा ग्रीकांकडून पायी आलेला,
प्रभूचं ते, एवढाच त्याचा अर्थ.
मागचा तिथल्याच गवतातला. हेर्दे, कळप राखणारा.
त्याचा लांबचा भाऊबंद आपल्या वेदात सापडतो म्हणे:
शर्ध, मरुतांचा जथा.
नुसता वाऱ्यांचा कळप. राखायला कुणी नाही.

परवा विश्रांतवाडीला मेंढरं आडवी आली,
बस थांबली.
मला वाटायचं मेंढपाळ पुढे चालतो.
हा सगळ्यांत मागे,
कानाला फोन, मोकळ्या हाताची बोटं मोजत.

रात्री एलीशामामाला विचारलं.
"अगं, मला काय म्हणायचे सगळे?"

पाळक.
पाळकसाहेब आले, खुर्ची आणा.
जन्मभर ऐकला, कधी उघडून पाहिला नाही.
आत गुरंढोरं होती, पाळणा होता,
दिलेला शब्द पाळणं होतं.
"आणि पाळत ठेवणंही," मी म्हणाले.
मामा हसला नाही.
"रविवारी कोण आलं नाही, ते मला पाठ असायचं," म्हणाला,
"का आलं नाही, ते विचारायला जायचं राहून जायचं."

सकाळी खोडून लिहिलं: पाळक.
"हे कसं, मराठी," म्हणत देवस्थळींनी शिक्का मारला.
दोनशे रुपये, सुट्टे.

मग अनुवादकाची सही, आणि तिच्याखाली
हुद्दा, पुढे ठिपक्यांची रेघ.
पेन जरा थांबलं.
लिहिलं: ड्रिल विभाग.