पाचपैकी दोन

नार्वाहून तार्तूला परतणारी शेवटची बस.
मांडीवर फॉर्म, त्यात नऊ रकाने,
प्रत्येकाला एक ते पाच.
पेन्सिलच आणते मी. या रस्त्यावर शाईने गुण देता येत नाहीत,
खड्डा आला की दोनाचा तीन होतो.

केर्तू आल्लिक, भाषाशिक्षण, एम.ए.चं दुसरं वर्ष.
आतापर्यंतची ती सगळी माझ्याकडे कागदावर जमा आहे:
दुसरी भाषा डोक्यात कशी रुजते त्यावरचा पेपर, सहा क्रेडिट;
मागच्या बाकावर बसून भरलेली वीस तासांची निरीक्षणवही;
चाचणी कशी काढावी, याची चाचणी;
आणि वर्गातल्यांनी एकमेकांना दिलेले शेरे,
छान आहे, पण उदाहरणं वाढव.
सगळ्यांनी सगळ्यांना तेच.

आजचा पाठ विभक्तीचा.
आमच्याकडे विभक्ती चौदा, त्यातली तिसरी मोठी खट्याळ.
थोडी भाकरी म्हणायची तरी तीच लागते,
भाकरी नाहीच म्हणायचं तरी तीच.
थोडंसं आणि नसलेलं
आम्ही एकाच रूपात भागवतो.

वाचनालयाची वरची खोली, संध्याकाळचे सहा.
खिडकीत नदी, पलीकडे दुसरा देश दिवे लावतोय.
अकरा जण, घरी सगळे रशियन बोलणारे,
बहुतेक केर्तूच्या आईच्या वयाचे.
नियोजनात लिहिलंय: सराव, सात मिनिटं,
प्रत्येकी एक वाक्य, "माझ्याकडे अमुक नाही."

माझ्याकडे सायकल नाही, वेल्डर म्हणाला.
माझ्याकडे वेळ नाही. (हशा.)
माझ्याकडे मांजर नाही, कारण नवऱ्याला शिंका येतात.
"कारण" अजून शिकवलेलं नव्हतं, मी समासात टिंब दिलं.
मग झिनाइदा पेत्रोव्हना.
सूतगिरणीत चौतीस वर्षं काढलेली,
यंत्रांवरून आवाज चढवायची सवय गेलेली नाही:
"माझ्याकडे मुलगा नाही."

विभक्ती बिनचूक. उच्चार स्वच्छ.
केर्तूच्या ओठांवर शाब्बास आलेलं मला दिसलं,
तिनं ते गिळलेलंही दिसलं.
मी घड्याळ पाहिलं, ते माझं काम आहे.
अकरा सेकंद.
आमच्या पुस्तकांत याला प्रतीक्षाकाळ म्हणतात,
तीन सेकंद पुरेत असं त्यांचं म्हणणं.

मग तिनं विचारलं, "त्याचं नाव काय?"

आणि झिनाइदा बोलू लागली.
क्रियापदं उलटीपालटी, विभक्त्या सगळ्या वाऱ्यावर,
मध्ये दोन शब्द रशियन, ते वेल्डरनं हळूच पुरवले.
बर्फ, मोटारसायकल, मार्च, नाव अर्तूर.
केर्तूनं एकही चूक दुरुस्त केली नाही.
चौदा मिनिटं पाठ लांबला.
गृहपाठ द्यायचा राहिला.
खाली पहारेकऱ्यानं किल्ल्या वाजवल्या.

आता रकाने.
चुकांची दुरुस्ती: इथे पेन्सिल थांबते.
विद्यार्थ्यांचा सहभाग: पाच, यात वाद नाही.
वेळेचं नियोजन: दोन.
हो, दोन. ऊर्मास, दुसरा परीक्षक, फोनवर म्हणाला,
अशा पाठाला दोन देतेस? हात कचरत नाही?
म्हटलं, त्या पहारेकऱ्याची बस चुकली, ऊर्मास,
तोही कुठल्या तरी रकान्यात बसायला हवा.
तो हसला. मला तेवढंसं हसू आलं नाही.

पाठानंतरचं टिपण तिनं तिथंच लिहून दिलेलं,
जाकिटाची एक बाही घालून, दुसरी लोंबत:
"वाक्य बरोबर होतं, म्हणून मी शाब्बास म्हणणार होते.
पुढच्या वेळी कदाचित म्हणून टाकेन.
अजून ठरत नाही."
याला कितीपैकी किती द्यायचे?
रुब्रिक तीन वर्षांपूर्वी मीच बांधलंय.
ठरत नसण्याला त्यात जागा ठेवायची राहून गेली.

अगदी खाली शेवटचा प्रश्न आहे,
कुठल्याशा परदेशी नमुन्यावरून आम्ही उचललेला:
पुढील काळात आपण काय कराल?
आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
उद्याचंही आम्ही आजच्याच क्रियापदात सांगतो.
बाकीचे विद्यार्थी इथं परिच्छेद लिहितात.
केर्तूनं लिहिलंय,
सोमवारी वर्ग आहे.