लीन

कॉलेज रोड, तिसरा मजला, काचेची भिंत.
भिंतीवर सत्तेचाळीस चिठ्ठ्या.
पिवळी म्हणजे सुरू, गुलाबी म्हणजे अडलेली,
हिरवी एकही नाही.
पंखा लावला की सगळं काम फडफडायचं
आणि मला वाटायचं, चाललंय.

रोज सकाळी विचारायचे, कुठवर आलं?
सगळे म्हणायचे, नव्वद टक्के.
सत्तेचाळीस चुलींवर कच्चट भात
आणि पाहुणे दारात.

एका शनिवारी चिडून चव्वेचाळीस उतरवल्या.
म्हटलं, या तिनांतली एक संपल्याशिवाय
चौथी चढणार नाही,
मग ती क्षेमकल्याणी साहेबांची का असेना.

सोमवारी अकरा वाजता अस्लम कोकणीकडे काम नव्हतं.
पगार चालू, खुर्ची चालू, एसी चालू,
आणि माणूस रिकामा.
माझे हात शिवशिवले. एखादा रिपोर्ट तरी दे त्याला.
दिला नाही. जीभ दाताखाली धरली.
तो तासभर वैदेहीशेजारी बसून तिच्या चाचण्या बघत राहिला.
मग म्हणाला, मॅडम, पिंपळगावला जाऊन येऊ या का?
हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय
ती माणसं मी पाहिलीच नाहीत.

मीही नव्हती पाहिली. चौदा महिने.

पॅकहाउसमध्ये आठ अंश.
पट्ट्यावरून द्राक्षांच्या पेट्या सरकत येत होत्या.
काट्यापाशी मथुराबाई निरगुडे.
पेटी आली, वजन झालं,
बाई वाकल्या
आणि आमच्या स्क्रीनला नाकाचा शेंडा टेकवला.
पुन्हा पेटी. पुन्हा नाक.

अस्लमनं विचारलं, मावशी, हे असं का?
"हातमोजा काढला तर दंड," त्या म्हणाल्या.
"आन् मोज्याला हे वळखत नाही. नाकाला वळखतं."
जरा थांबून, "सर्दी झाली की पंचाईत."

कुणी हसलं नाही.
आम्ही त्यांना एकेचाळीस रिपोर्ट दिले होते, रंगीत, आलेखांसकट.
पेट्यांचा हिशेब बाई पुठ्ठ्यावर खडूनं ठेवत होत्या,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पुठ्ठा एकदाही हँग झाला नव्हता.

ओझर गेलं, आडगाव गेलं, गाडीत कुणी बोललं नाही.
द्वारकेच्या सिग्नलला वैदेही म्हणाली,
मी रोज बोटानं तपासत होते.
एवढंच.

अंबडच्या एका दुकानातून लाल बटण आणलं,
लेथला असतं तसं, मुठीएवढं,
दोनशे चाळीस रुपये. कोपरानं दाबता येतं.
अस्लमच्या एकोणीस ओळी.
वैदेहीनं हातमोजे घालून तपासल्या.
गुरुवारी पहिली हिरवी चिठ्ठी लागली.

मग खोडायला बसलो.
लिहायला सगळे शिकवतात, खोडायला कुणी शिकवत नाही.
तेविसावा रिपोर्ट माझा होता,
नीटनेटका, ओळीओळीला टीप दिलेली.
त्यात माझी एक भाऊबीज गेली होती.
कुणी उघडला होता का, तेही मशीनमध्ये नोंदलेलं असतं.
शून्य वेळा.
मी बटण दाबलं. बोटानंच.

क्षेमकल्याणी साहेब आले, भिंतीपुढे उभे राहिले.
म्हणाले, याला लीन म्हणतात, मी कोर्स केलाय बंगलोरला.
मी हो म्हटलं.
आपल्याकडे लीन म्हणजे वाकलेला.
माझ्या डोळ्यांपुढे काटा होता, पट्टा होता,
आणि नाकावर बसलेला गारठा.

"पण जागा बरीच रिकामी दिसते," साहेब म्हणाले.
"लोक बसून असतात का?"
कधी कधी, मी म्हटलं.
त्यांच्या हातात एक पिवळी चिठ्ठी होती, तातडीची.
"इथे लावू?"
तिनांतली एक संपली की.

खरं सांगायचं तर मलाही ती काच अजून बघवत नाही.
हात आपोआप पेनाकडे जातो.

साहेब जिना उतरले.
चिठ्ठी बोटाला चिकटलेली,
वळणावर त्यांनी हात झटकला,
तरी पडली नाही.