डावीकडचं दार

नुगझारने गाडीभोवती एक फेरी मारली,
हातात फोन, चित्रण चालू,
प्रत्येक ओरखड्यापाशी थांबत. पंचनामाच.
कागदावर गाडीचं चित्र होतं,
पोट चिरून पसरलेल्या माशासारखं.
त्यावर त्याने सात फुल्या मारल्या.
आठवी तुमची, हे बोलला नाही.

मग माझा परवाना.
करडी पुस्तिका, शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा बाहेर,
आणि ते कार्ड, ज्यात मी बावीस वर्षांची,
केस तेलाने चप्प,
आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून
नुकतीच उतरलेली.
त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं,
पुन्हा फोटो पाहिला.
"तीच," मी मराठीत म्हटलं, "बरीचशी."
किल्ली मिळाली.

कुतैसीबाहेर पडेपर्यंत
वळण आलं की मी काच पुसत होते.
लख्ख ऊन, कोरडी काच, वायपरचं कोकलणं.
इंडिकेटर डाव्या हाताला गेला होता
आणि बोटांना कुणी कळवलं नव्हतं.
गिअरसाठी गेलेला हात दारावर आपटायचा.
गायी तेवढ्या ओळखीच्या निघाल्या:
रस्त्याच्या मधोमध,
डावं-उजवं काही न मानणाऱ्या.

त्किबुलीच्या पुढे, घाटातल्या झऱ्यापाशी
एक म्हातारी उभी होती, काळ्या कपड्यांत,
पायाशी पोतं.
तिने वरचा रस्ता दाखवला. मी मान हलवली,
आपली ती, हो आणि नाहीच्या मधली.
पोतं डिकीत गेलं.

आता बसायचं.
मी सवयीने उजवीकडे गेले, दार उघडलं.
स्टिअरिंग नाही.
ती सवयीने डावीकडे गेली, दार उघडलं.
स्टिअरिंग.
गाडीच्या टपावरून आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

माझं ठीक होतं.
पण ही इथली बाई, हिला काय झालं?
तिने फोन काढला, काच पदराला पुसतात तशी
शालीला पुसली:
अंगणात एक जुनी जपानी गाडी,
चाक उजवीकडे,
चाकामागे एक पोरगा, मांडीवर कोंबडा.
अशा कितीतरी फिरतात इथे,
समुद्रापलीकडून स्वस्तात आलेल्या.
तो उजवीकडे बसायचा, ती डावीकडे.
"पोलोनेती," ती म्हणाली,
आणि दोन्ही हातांनी हवेत एक भलं मोठं चाक धरलं.
ट्रक.
अंगणातली गाडी कोण चालवतं, हे विचारायला
माझ्याकडे शब्द नव्हते,
आणि कोंबड्याचंही विचारायचं राहिलं.

त्सिउरी तिचं नाव.
पुढ्यात पडलेली माझी पुस्तिका तिने उचलली,
रशियन पान सापडलं तसं मोठ्याने वाचू लागली,
ओळीखाली बोट, पोथी वाचावी तशी.
कोणतं वाहन, किती वजन, किती माणसं.
मध्येच वळण आलं, बोट ओळीवरच ठेवून म्हणाली,
"नेला, नेला."

हळू. त्यांच्या भाषेत नेला म्हणजे हळू.
एवढं मला नुगझारने शिकवलं होतं.
पुढचं वळण. "नेला."
दरीच्या कडेला दुधाचा टँकर समोर. "नेला, नेला."
मी दुसऱ्या गिअरवर आले, उजव्या हाताने, बरोबर.
माझ्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो
ते मी तिला सांगितलं नाही.
पण ऐकू येतच होतं, तळ्यापर्यंत,
तळ्याच्या पलीकडेही.

तिचं गाव आलं तेव्हा तिने पोत्यातून
ओंजळ ओंजळ अक्रोड काढले, हिरव्या सालीसकट,
आणि तिच्या रिकाम्या सीटवर ओतले.
मग गाडीला मागून वळसा घालून
माझ्या बाजूला आली,
डावं दार नीट लागलंय का ते दाबून पाहिलं.

चौथ्या दिवशी नुगझारने सात फुल्या मोजल्या.
सातच होत्या.
मग आत वाकला. सीटवर काळे डाग,
अक्रोडाच्या सालीचे, न जाणारे.
त्याच्या माशाला आतली बाजूच नव्हती,
तरी त्याने पोटात कुठेतरी एक टिंब दिलं
आणि वीस लारी कापले.
मी भांडले नाही.
दहा अक्रोड काउंटरवर ठेवले.
त्याने एक दातांनी फोडला.